सातवी जागा

जॅझ हे मुक्तीचं संगीत आहे. हे वाक्य मी बऱ्याच पुस्तकांत वाचलं आहे आणि दोन-तीन समारंभांत माईकवरून ऐकलंही आहे. ते खरं असेल. आमच्या घरात मात्र ही मुक्ती पलंगाची कड आणि दाराची चौकट यांच्यामध्ये मावेल तेवढीच होती, आणि शेजारणीला कळशी घेऊन जायचं असलं की तेवढीही आत ओढून घ्यावी लागे.

माझा नवरा ट्रॉम्बोन वाजवतो. हे वाद्य ज्यांना ठाऊक नाही त्यांनी लग्नाचा बँड आठवावा. त्यात सगळ्यांत पुढे एक माणूस लांबलचक पितळी नळी पुढे-मागे सरकवत चालतो, तेच ते. तो पुढे चालतो याचा मानाशी काही संबंध नाही. त्याला मागच्या रांगेत घातला तर पुढच्याच्या डोक्यावरची टोपी जाते.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. सासूबाईंच्या मते बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात, आणि ट्रॉम्बोनशी जुळणारं यमक लग्नात मला एकच सुचलं होतं, टेलिफोन. तो दोन्हीकडच्या मंडळींत कोणाच्याच घरी नव्हता.

हे वाद्य त्याच्या हाती कसं आलं, याविषयी पुढे छापून आलेल्या मुलाखतींत ओढ, ध्यास, नियती असे शब्द आहेत. खरी हकिगत अशी की त्याचे मामा लालबागच्या एका लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. ऐन लग्नसराईत तिथला ट्रॉम्बोनवाला गावी निघून गेला आणि त्याचा लाल कोट मागे राहिला. तो कोट भाच्याला बसला. क्लॅरिनेटवाल्याचा बसला असता तर मी आज क्लॅरिनेटविषयी लिहीत असते.

वरातींत तो वाजवायला शिकला, पण सूर लावायला शिकला गिरगावात. खोताच्या वाडीत एक वयस्क ख्रिस्ती गृहस्थ राहत. तरुणपणी त्यांनी मोठ्या हॉटेलांच्या नाचाच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवला होता. आता ते आपल्या लाकडी घराच्या व्हरांड्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवत. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. वरातीत प्रत्येक सूर घसरत-घसरत घ्यायची सवय असते. नवऱ्याने पहिल्या दिवशी तसंच वाजवून दाखवलं. मास्तर शांतपणे ऐकून म्हणाले, "बाबा रे, सगल्या सुरांना हलद कशाला लावतं? लगीन झाला आता. पोरीला घरी जाऊ दे."

मास्तर दुपारी झोपत आणि चहाच्या वेळेला उठत. हा आपला जेवून लगेच परळहून निघायचा आणि लवकर पोचायचा. मधला वेळ काढायला तो आमच्या वाचनालयात येई. मी तिथे मदतनीस होते. तो वाचायला येत नसे, पंख्याखाली बसायला येई. पण बसणाऱ्याने समोर काहीतरी उघडं ठेवलं पाहिजे असा नियम होता. त्याने पहिल्या दिवशी हाताला लागलं ते पुस्तक घेतलं आणि पुढे रोज तेच मागत राहिला. ते मधमाश्या पाळण्याविषयी होतं. माणूस गंभीर दिसतो, असं माझं मत झालं. एकदा न राहवून मी विचारलं, "कुठे पाळता?"

"काय?"

"मधमाश्या."

त्याने पुस्तक उलटं करून त्याचं नाव वाचलं. तेव्हा पहिल्यांदा.

अशा माणसाशी लग्न करू नये असं मला कोणी सांगितलं नाही. माझ्या वडिलांनी एवढंच विचारलं, "मग आपल्या लग्नात बँड कोणाचा सांगायचा?"

मी परळच्या चाळीत राहायला आले. घरात सासू-सासऱ्यांसमोर त्याला 'अहो' म्हणायचं आणि जिन्यात 'अरे', अशी व्यवस्था होती. खोली एक. तिच्यात कपाट, पलंग, ओटा, मोरी, देवांची फळी आणि आम्ही चौघं. या सगळ्यातून उरत होती ती पलंगापासून दारापर्यंतची एक चिंचोळी पट्टी. नवरा पलंगाच्या कडेला बसून दाराकडे तोंड करून वाजवायचा.

इथे वाद्याची थोडी माहिती द्यायला हवी. ट्रॉम्बोनला बासरीसारखी भोकं नसतात की पेटीसारख्या पट्ट्या नसतात. नळी किती बाहेर काढली यावर सूर ठरतो. तिच्या सात जागा असतात. पहिली ओठांपाशी, सातवी जिथे हात संपतो तिथे. मास्तर त्यांना 'पोझिशन' म्हणत, नवरा घरी 'जागा' म्हणे. हा शब्द मुंबईत जपून वापरावा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तो मला म्हणाला होता, "काय करू, सातवी जागाच मिळत नाही इथे." मला वाटलं, याच्या सहा बघून झाल्या आहेत.

तर सातव्या जागेला नळी दाराबाहेर गॅलरीत जायची. पाण्याच्या वेळेला ती तिथे असणं शक्यच नव्हतं. एरवीही कोणी आलं की ती आत घ्यावी लागे. मासे विकायला येणारी कोळीण टोपली डोक्यावर घेऊन लांबूनच ओरडायची, "ए बाजावाल्या, तुझी सोंड आत घे रं! पापलेटं हायेत." हा सोंड आत घ्यायचा. ती गेली की सोडलेला सूर पुढे चालू. दिवसभर सासरे गिरणीत असत, सासूबाईंना आवाजाचं काही वाटत नसे, आणि चाळीतल्या लोकांनी त्याहून वाईट आवाज ऐकले होते. एकूण बरं चाललं होतं.

मग संप झाला.

पहिले काही दिवस सणासारखे गेले. गॅलरीत पत्ते रंगले, गावची पत्रं निवांत वाचून झाली, आणि मिटणार, आता मिटणार, असं जो तो दुसऱ्याला सांगत राहिला. मग पत्त्यांचा कंटाळा आला. शेजारची बिऱ्हाडं एकेक करून गावी गेली. उरलेल्या पुरुषांना पहिल्यांदाच कळलं की दिवसाच्या वेळी आपल्या खोलीत आपल्यासाठी जागाच नाही. घर बायकांच्या कामाच्या हिशोबाने लागलेलं होतं. भाजी चिरायला बसलं की पाय आडवे येत, केर काढायला घेतला की माणूस आडवा येई.

सासऱ्यांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला. त्यांनी एक लाकडी स्टूल उंबऱ्याबाहेर, बरोबर चौकटीला लावून ठेवला आणि तिथे पाठ टेकून बसू लागले. तोंड गॅलरीकडे, एक खांदा दारात, एक भिंतीला. लोकांना वाटायचं, म्हातारा गिरणीच्या चिमणीकडे डोळे लावून बसतो. एका वार्ताहराने तसं लिहिलंही. आमच्या दारातून चिमणी दिसत नव्हती. दिसायची ती सार्वजनिक संडासाची रांग.

ते साचेखात्यातले. तिथे शेकडो मागांचा असा काही गदारोळ असतो की तिथली माणसं ओठ बघून आणि हातवारे करूनच बोलतात. जन्मभर त्या आवाजात काढल्यामुळे त्यांना ऐकायला फारच कमी येई. मुलगा कानापाशी ट्रॉम्बोन वाजवतो याचा त्यांना त्रास नव्हता. त्रास होता तो मुलाला, कारण स्टूल बरोबर सातव्या जागेवर होता.

एरवी हे कोणी मनावर घेतलं नसतं. पण त्याच सुमारास कुलाब्याकडच्या एका मोठ्या हॉटेलातला ट्रॉम्बोनवाला कॅनडाला निघून गेला आणि मास्तरांनी याचं नाव पुढे केलं. हॉटेलचा बँडमास्तर गोव्याचा, कडक माणूस. त्याने याला हंगामी म्हणून बसवून घेतलं आणि सांगितलं, ईस्टर झाला की सगळ्यांसमोर परीक्षा. पास झाला तर कायम. गिरणगावात त्या वर्षी लग्नं कोर्टात नाही तर देवळात, बँड न लावता उरकली जात होती, त्यामुळे लाल कोटाला काम नव्हतं. सासऱ्यांच्या चुलतभावाने भिवंडीला यंत्रमागावर याच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. हॉटेलात राहिला तर ट्रॉम्बोन, नाही राहिला तर भिवंडी. सासूबाईंनी भिवंडीच्या तयारीने पोटमाळ्यावर ट्रॉम्बोनपुरती मोकळी जागा करून ठेवली होती. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांना प्रत्येक वस्तूची जागा आधी ठरवायची सवय होती.

बँडमास्तरने जॅझच्या जोडीला फंक नावाचा नवा प्रकार सुरू केला होता, कारण हॉटेलात येणाऱ्या तरुणांना तो हवा होता. मी नवऱ्याला विचारलं, दोन्हीत फरक काय. तो म्हणाला, "जॅझमध्ये गाणं फिरायला जातं आणि उशिरा का होईना घरी येतं. फंक कुठे जातच नाही. दारात उभं राहून भांडतं." परीक्षेची चीज फंकची होती, बँडमास्तरची स्वतःची. एकच ओळ पुन्हा पुन्हा खाली उतरत यायची आणि प्रत्येक वेळी संपायची ती अगदी खालच्या सुरावर. तो सूर सातव्या जागेचा.

मास्तरांकडे जाऊन सराव करता आला असता, पण मास्तरीणबाई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या आणि त्या घरात चमचाही हळू ठेवला जात होता. चाळीचं छप्पर कौलारू, त्यामुळे गच्चीचा प्रश्न नव्हता. खिडकीला गज होते. खोलीत तिरकं बसून पाहिलं, तर नळी देवांच्या फळीवरच्या समईला लागली आणि सासूबाईंनी पुढचा सगळा दिवस अबोला धरला. मग हा मैदानात गेला. पहिली ओळ होईतो पोरं जमली आणि सिनेमाचं गाणं मागू लागली. दुसरी होईतो मोठी माणसं जमली. तिसऱ्याला हवालदार आला.

"काय चाललंय?"

"सराव."

"कशाचा? मोर्चाचा?"

"फंक."

हवालदाराने हा शब्द थोडा वेळ मनात घोळवला. "ते जे काय असेल ते. पाचाच्या वर माणसं जमलीत. जमावबंदी हाय. गुंडाळ तुझी तुतारी."

म्हणजे दारच उरलं. आणि दारात सासरे.

एका सकाळी मीच सासूबाईंकडे विषय काढला. म्हटलं, बाबांना जरा चार हात पलीकडे बसायला सांगू या का? थोडा वेळच. त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तेंका उठव नको. साच्यावर जल्मभर उभो रवलो तो माणूस. आता खंय तरी बसाक गावला."

"पण यांच्या नोकरीचं काय?"

"भिवंडी हा मगे," असं म्हणून त्यांनी एक खडा बाजूला टाकला.

नवऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "आई बरोबर बोलते." त्याने वडिलांना कधीच काही सांगितलं नाही. सांगणं म्हणजे काय होतं, हे तिघांनाही कळत होतं. संपाने एका जागेवरून उठवलं होतं; आता घरातून उठा म्हणायचं. त्यापेक्षा तो सहाव्या जागेपर्यंत जायचा, थांबायचा, आणि सातवा सूर तोंडाने म्हणायचा. "डुम्." दिवसभर आमच्या घरात ट्रॉम्बोनची ओळ आणि मागाहून एका प्रौढ माणसाचं "डुम्" ऐकू येत असे. असं वाजवून कोणी हॉटेलात कायम होत नाही, हे सांगायला संगीताचं शिक्षण लागत नाही. रात्री तो छताकडे बघत पडे आणि मी भिवंडीला वाचनालय असेल का याचा विचार करी.

मग एक दिवस चूक झाली. ओळ रंगात आली आणि याचा हात सवयीने पुरता लांब गेला. नळीचं टोक सासऱ्यांच्या कानामागे जाऊन लागलं. फार जोरात नाही, पण लागलं. घरात सगळे थिजले. सासूबाईंच्या हातातली पळी कढईवर तशीच राहिली.

सासऱ्यांनी कान चोळला. गॅलरीकडे बघतच म्हणाले, "धोटो उडलो."

धोटा म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. कधीमधी तो मागातून सुटतो आणि माणसाला लागतो. साचेखात्यात ही रोजच्या बोलण्यातली गोष्ट. कोणी कोणावर रागवत नाही. फक्त सावध राहायचं. एवढं बोलून ते पुन्हा रांग बघायला लागले.

याने धीर करून पुन्हा ओळ घेतली. खाली आला, सहाव्या जागेला जरा घुटमळला. तेवढ्यात सासऱ्यांनी मान उजवीकडे कलती केली. एखाद्याने आपल्यामागून फळीवरचा डबा काढावा म्हणून आपण करतो तशी, सहज. नळी त्यांच्या कानाजवळून गॅलरीत गेली, सूर लागला, नळी परत आली, मान सरळ झाली.

पुन्हा ओळ. पुन्हा मान.

तो सगळा महिना असा गेला. सकाळी जेवणाआधी आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत. सासरे पेपर वाचत असोत, सुपारी कातरत असोत, ओळ खाली आली की मान बाजूला. कधी ती क्षणभर उशिरा जायची, म्हणून हाही सूर लावायला तेवढा थांबायला शिकला. आधी मान, मग सूर. दोघांनी याविषयी एकमेकांशी एक शब्द काढला नाही. चाळीत मात्र ही गंमत पसरली. कोळीण टोपली खाली ठेवून बघत उभी राहायची. "म्हातारा पन वाजवतोय गं बाई," ती मला म्हणाली. "मानंनी."

मला कोडं पडलं होतं. ऐकू तर येत नव्हतं, आणि तोंड गॅलरीकडे. एकदा पाणी द्यायला गेले तेव्हा त्यांच्या समोर वाकून, ओठ दिसतील असं विचारलं, "बाबा, तुम्हाला कळतं कसं?"

"काय ता?"

"मान कधी वळवायची ते."

ते थोडे लाजले. मग म्हणाले, "वास येता."

"कसला?"

"बायलमाणसाचो."

उलगडा व्हायला मला थोडा वेळ लागला. नळी झरझर सरकावी म्हणून तिला काहीतरी लावावं लागतं. हा आधी खोबरेल लावायचा, पण थंडीत ते थिजलं आणि एका नाताळच्या नाचात नळी अर्ध्यावर अडकली. मास्तरांनी सांगितलं, कोल्ड क्रीम लाव. घरात कोल्ड क्रीमची बाटली एकच होती, माझी, माहेराहून आलेली. ती तेव्हापासून आम्ही दोघं वापरत होतो, मी आणि ट्रॉम्बोन. सहाव्या जागेला नळी आली की सासऱ्यांच्या नाकाला सुनेच्या क्रीमचा वास लागायचा, आणि मर्यादेने ते मान बाजूला करायचे.

ईस्टर झाला. परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकून याच्याबरोबर गेले. हॉटेलच्या पुढच्या दाराने आम्हाला सोडण्याचा प्रश्न नव्हता. मागच्या बाजूला, जिथे धुवायच्या चादरींच्या ढकलगाड्या उभ्या असतात, तिथे एका बाकावर मी बसले. भिंतीपलीकडे बँड होता. दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं येत होतं.

ओळ सुरू झाली. खाली आली. आणि शेवटच्या सुराआधी हा थांबला.

मला कळलं तो कोणासाठी थांबला. तिथे मला एकटीलाच कळलं.

वाजणं बंद झालं. बँडमास्तरचा आवाज आला, "किसके लिए रुका? टॅक्सी के लिए?" कोणीतरी हसलं. पुन्हा ओळ सुरू झाली. मी चादरीच्या गाडीचा दांडा धरून मनात म्हणत होते, अरे, तिथे कोणी नाही, जाऊ दे पुढे. ओळ खाली आली आणि हा पुन्हा थांबला. पण या वेळी त्या फटीत ड्रमवाल्याने एक बारीकशी टिचकी मारली, आणि तिच्या मागोमाग तो खालचा सूर असा काही येऊन बसला की इस्त्रीवाला हातातली चादर घेऊन माझ्या शेजारी उभा राहिला.

तिसऱ्यांदा बँडमास्तरनेच सांगितलं, तसंच घे. शेवटी तो म्हणाला, "ठीक है. लेट आने का, लेकिन रोज उतनाच लेट." रोज ठरल्याएवढाच उशीर, ही नोकरीची अट मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही. सरकारी कचेऱ्यांत ती पाळली जाते, पण कोणी बोलून दाखवत नाही.

घरी आल्यावर हा दारातच सासऱ्यांसमोर उभा राहिला आणि ओठ स्पष्ट हलवत म्हणाला, "बाबा, जागा मिळाली."

सासऱ्यांचे डोळे मोठे झाले. "किती बाय कितीची?"

पुढचं सगळं लोकांना ठाऊक आहे, किंवा ठाऊक असल्यासारखं ते लिहितात. हॉटेलात तो बरीच वर्षं होता. मग सिनेमाची रेकॉर्डिंगं, परदेशातून आलेल्या वादकांबरोबर कार्यक्रम, एकदा जहाजावर, दोनदा युरोपात. जाणकारांत त्याचं नाव झालं ते शेवटच्या सुराआधीच्या त्या थांबण्यामुळे. एकाने त्याला 'पौर्वात्य मौन' म्हटलं. दुसऱ्याने त्यात 'गिरणगावचा दाबलेला हुंदका' ऐकला. नवरा असली कात्रणं मला वाचायला देतो आणि विचारतो, "चांगलं लिहिलंय का?" मी म्हणते, भाषा बरी आहे. खरं काय ते त्याने कधी कोणाला सांगितलं नाही. सांगायला गेलं तर कोल्ड क्रीमपासून सुरुवात करावी लागते.

संप संपला असं आमच्या माहितीत कोणी कधी सांगितलं नाही. तो नुसता बोलण्यातून गेला. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी वॉचमन झालं. सासऱ्यांना गिरणीने परत बोलावलं नाही आणि तेही विचारायला गेले नाहीत. स्टूल तिथेच राहिला. हा घरी सराव करायचा तेव्हा मानेचं कामही चालूच होतं, पण एवढ्या वर्षांत त्यांनी मुलाला घराबाहेर वाजवताना एकदाही पाहिलं नव्हतं. हॉटेलात नेणं शक्यच नव्हतं, आणि दुसरीकडे चला म्हटलं की ते म्हणत, "माका ऐकाक येना नाय. येवन काय करू?"

हे नवऱ्याला लागत असे. तो प्रत्येक कार्यक्रमाला एक पास जास्तीचा मागून आणायचा आणि तो तसाच कपाटात जायचा.

मग दादरला एका रविवारी सकाळी कुठल्याशा सांस्कृतिक मंडळाने त्याचा सत्कार आणि वादन ठेवलं. सभागृह नवीन, थंडगार. सासूबाईंनी या खेपेला सासऱ्यांना विचारलंच नाही. पांढरा सदरा इस्त्री करून समोर ठेवला आणि टॅक्सी आली आहे असं सांगितलं. ते गुपचूप बसले. त्यांना पहिल्या रांगेत मधोमध जागा दिली होती. त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ते 'पौर्वात्य मौन'वाले समीक्षक.

आधी दीपप्रज्वलन झालं. मग स्वागत, मग स्वागताबद्दल आभार. मग अध्यक्ष उठले. ते फरशांचे व्यापारी होते आणि कलेविषयी त्यांना बरंच वाटत होतं. ते म्हणाले, कलावंताची साधना एकाकी असते. ती कोणाच्या आधारावर उभी नसते. टाळ्या झाल्या. सासऱ्यांनी इतरांचे हात बघून टाळ्या वाजवल्या. शाल झाली, श्रीफळ झालं, पुष्पगुच्छ घेऊन हा आणि देऊन ते, दोघेही फोटोसाठी बराच वेळ हसत उभे राहिले. तोवर समीक्षकांनी एक डुलकी काढली होती.

शेवटी वादन सुरू झालं. दोन चिजा झाल्यावर याने ती फंकची ओळ धरली.

मंच आणि पहिली रांग यांच्यामध्ये चांगलं बैलगाडी जाईल एवढं अंतर होतं. वर फुलांच्या कुंड्या, दोन स्पीकर आणि शिवाय मंडळाचा फलक. कोल्ड क्रीमचा वास इतका लांब यायचं कारण नव्हतं. आणि आता तो तसं काही वापरतही नव्हता, परदेशातून आणलेलं तेल होतं. ओळ खाली आली. तो थांबला. मी पाहिलं, तो समोर बघत होता.

सासऱ्यांनी मान उजवीकडे कलती केली.

याने सूर लावला. नळी पूर्ण बाहेर, हात संपेपर्यंत. पुन्हा ओळ, पुन्हा थांबणं, पुन्हा मान. शेजारच्या समीक्षकांच्या हे लक्षात आलं. एवढी नेमकी दाद देणारा हा वृद्ध रसिक कोण, म्हणून त्यांनी एकदा वाकून पाहिलं, आणि पुढच्या वेळेला आपणही मागे राहू नये म्हणून मान कलती केली. त्यांचं बघून त्यांच्या पलीकडच्यांनी केली. अध्यक्षांनी केली. थोड्या वेळात पहिली रांगच्या रांग प्रत्येक खालच्या सुराआधी उजवीकडे कलू लागली, आणि मंचावर माझा नवरा एकाच माणसाकडे बघत वाजवत होता. ती चीज एरवी चालते त्यापेक्षा पुष्कळ लांबली. थांबवायची कधी हे त्याला कळत नसावं. मला तो चष्म्यामुळे नीट दिसत नव्हता. चष्मा ओला झाला होता.

आम्ही टॅक्सीत बसलो. याने वडिलांकडे वळून, ओठ दिसतील असं, विचारलं, "कसं झालं?"

सासऱ्यांनी कानामागून हात फिरवला. "लागलो नाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांची मान धरली. सासूबाईंनी मिठाच्या पुरचुंडीने ती दोन वेळा शेकून दिली. ते म्हणाले, एसी भारी होतो.